डोणीतली काच

अक्काचं बोट पाहिलं, त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले.

अक्का म्हणजे मल्लेश्वरममधल्या आमच्या गल्लीची गवळीण. कन्नड बोलणारी, माझ्या आईच्या वयाची. सगळी गल्ली तिला अक्काच म्हणायची. सकाळी ती आपली तांबडी गाय दारोदार घेऊन यायची, आणि दुपारी गल्लीच्या तोंडाशी तोट्टीपाशी बसायची. तोट्टी म्हणजे सिमेंटची गोल कचराकुंडी. चुलीची राख, पत्र्याची झाकणं, औषधाच्या फुटक्या बाटल्या, केस, उष्टं, केळीच्या साली, सगळं आमची घरं तिच्यात एकत्र ओतायची, आणि अक्का त्यातून गायीला चालेल तेवढं निवडून टोपलीत भरायची. हातानं. त्या दिवशी तिच्या मधल्या बोटाला चिंधी होती. चिंधीतून हळद आणि रक्त दोन्ही बाहेर आलं होतं, आणि ती निवडतच होती.

"कशानं कापलं?" मी विचारलं.

"दाढीचं ब्लेड."

"कुणाच्या घरचं?"

"ब्लेडवर नाव लिहितात का, पुट्टी?"

पुट्टी म्हणजे छोटी. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात जात होते, आणि मला तो शब्द मुळीच आवडायचा नाही.

राग मला लवकर येतो. आमच्या विद्यार्थी मंडळात रागाचं काय करायचं ते शिकवलेलं होतं: त्याचं पत्रक करायचं. वाक्य छोटं ठेवा. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. 'कृपया' लिहू नका, वाचणारा तिथंच सुटतो. मी स्टेन्सिल कापलं आणि मंडळाच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड असं छापलं. "तुमच्या घरातला कचरा एक नाही, दोन आहेत. सडतं ते मातीचं. ते बादलीत. सडत नाही ते डब्यात. काच, पत्रा, ब्लेड, खिळे डब्यात. मिसळाल तर कुणाचं तरी बोट कापाल." बादल्या अक्का रोज येऊन नेईल, डबा महिन्यातून एकदा भंगारवाला नेईल, तोट्टीत फक्त राख. इतकं सोपं होतं.

आणि हे अक्काच्या एका बोटापुरतं नव्हतं. मंडळाबरोबर मी एकदा हेब्बाळच्या बाजूला गेले होते. शहराचा कचरा कुजवून तिथले शेतकरी नाचणीच्या शेतात खत म्हणून घालायचे. ऊन वर आलं तसं एक शेत चमकायला लागलं. मला वाटलं, पाणी सोडलंय. ती काच होती. आपल्या बाटल्यांची. एक म्हातारी त्यातून अनवाणी खुरपत पुढे सरकत होती, काच दिसली की उचलून बांधावर ठेवत होती, आणि बांधावर हा एवढा ढीग झाला होता. या मातीतून अजून किती वर्षं काच निघत राहील, असं मी मंडळाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "मला नको विचारू. पत्रकात विचार." मी विचारलं. उत्तर कुणी दिलं नाही.

गल्लीत अठरा घरं. बहुतेक आमचीच माणसं, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेली, स्वयंपाकघरात मराठी आणि दारात कन्नड बोलणारी. मी प्रत्येक मागच्या दाराशी गेले.

"आली बघ कार्पोरेशन!"

"काय गं, या वयात कचरा बघत फिरतेस? स्थळं बघ स्वल्प."

"स्थळं सडतात का?" मी विचारलं. "नाही ना? मग डब्यात टाका."

बायका हसल्या. हसल्या की बादली ठेवतात हे मला तेव्हा कळलं. एकेक घर वळत गेलं. अडलं ते शेवटच्या घरापाशी, काकूंच्या. काकूंचं सोवळं गल्लीत सगळ्यांत कडक. त्यांनी पत्रक माझ्या हातातून घेतलंच नाही, उंबऱ्यावर ठेवायला लावलं आणि वाकून लांबूनच वाचलं.

"देवावरची फुलं सडतात," त्या म्हणाल्या. "ती कुठं घालू? बटाट्याच्या सालीत? उष्ट्यात?"

"बादलीत."

"मग तुझी बादली तुझ्याकडे."

मी हटले नाही. म्हटलं, काकू, निर्माल्य केळीच्या पानात बांधा. पुडी बादलीच्या वर ठेवा, खालच्याला लागणार नाही. बादली जाते कुठे? गायीच्या तोंडात. तोट्टीत कुत्रं तुमची फुलं तुडवतं, त्यापेक्षा गायीचं पोट वाईट आहे का?

काकूंनी विचार केला. मला आठवतं, त्या खरंच विचार करत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "गायीच्या पोटात तेहतीस कोटी. सरी. देवाचं ते गायीला. हे पटलं." सरी म्हणजे कन्नडातलं 'बरं'.

आठ दिवसांत ते वाक्य गल्लीभर झालं. देवाचं ते गायीला. माझ्या छापलेल्या वाक्यांपैकी एकही कुणाच्या तोंडात बसलं नव्हतं, हे बसलं. मला इतका आनंद झाला की दुसरं पत्रक काढलं तेव्हा ते मी सगळ्यांत खाली मोठ्या अक्षरांत घातलं. मंडळात सरांनी पाठ थोपटली. लोकांची भाषा पकडलीस, म्हणाले.

अठराही बादल्या भरू लागल्या. तोट्टीचा वास गेला. मी रोज कॉलेजातून येताना झाकणं उघडून बघत असे, आणि खरंच, सालीत साल, देठात देठ. काच नाही, पत्रा नाही.

फक्त अक्का ऐकत नव्हती. तिचा गोठा तळ्याच्या बांधाखाली होता. मी एकदा तिथं गेले तर ती बादल्या गोणपाटावर पालथ्या करून पुन्हा हातानं निवडत बसलेली. बाजूला दगडी डोण, म्हणजे गायीला खायला घालायचं लांबट कुंड, रिकामी. आणि गाय मान ताणून वाट बघतेय.

"अक्का, आता काय निवडतेस?"

"सवय."

"काही निघालं का?"

"आज नाही."

"काल?"

"काल पण नाही."

"मग? मी प्रत्येक बादली बघते. लोक सुधारले, अक्का. त्यांच्यावर विश्वास ठेवायला नको का? तू अशी निवडत बसलीस तर एवढी खटपट कशाला केली मी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या मागे शेणी थापायच्या राहिल्या होत्या, मडकी धुवायची राहिली होती. निवडण्यात तिची अख्खी दुपार जायची. "तू बघतेस ना?" तिनं विचारलं.

"मी बघते."

"सरी," ती म्हणाली, आणि बादल्या सरळ डोणीत ओतू लागली. कोंडा, पेंड, वरून पाणी, की झालं.

भाद्रपद आला. इथल्या रीतीनं गणपतीच्या आदल्या दिवशी गौर असते, आणि तिच्या आदल्या दिवशी गल्लीत बळेगार येतो. बळेगार म्हणजे आपला कासार. तो आमच्या ओट्यावर पेटारा उघडून बसला आणि अठरा घरच्या बायका त्याच्यापुढे हात करून बसल्या. जुन्या घट्ट झालेल्या बांगड्या तो दगडाच्या कडेवर अलगद टिचकवायचा, हात मोकळा ठेवायचा नाही म्हणून एक तशीच राहू द्यायचा, नव्या चढवायचा, मग ती एकही टिचकवायचा; तुकडे ज्या त्या बाईच्या पदरात. मी मंडळाच्या नव्या पत्रकाचं प्रूफ वाचत होते. आईनं आपल्या जुन्या तशाच ठेवून वर नव्या भरल्या आणि माझा हात ओढून त्याच्यापुढे धरला. माझ्या हातात दोन निळ्या होत्या, कॉलेजातल्या मुली घालायच्या तसल्या. गल्लीत निळ्या कुणीच घालत नसे, आईला त्या आवडत नसत. त्या गेल्या, हिरव्या आल्या. मी प्रूफावरून नजरसुद्धा वर केली नाही.

गौरीच्या दिवशी सकाळी सण म्हणून बादल्या लवकर, मी झाकणं उघडून बघायच्या आतच गेल्या. दुपारी बाराच्या सुमाराला मी मागच्या पडवीत होते. आई रगड्यावर वाटत होती. बत्ता निसटला, तिच्या मनगटावर आपटला आणि नवी बांगडी गेली. "वाढली गं बाई," असं म्हणत आईनं तुकडे वेचले, बोटानं जमीन चाचपून बारीकसुद्धा वेचले. फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत. मग तिनं ते केळीच्या पानावर ठेवले, वर गौरीच्या पायाशी पडलेलं एक फूल ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, पुडी बांधली आणि उद्याच्या बादलीत अलगद ठेवली.

मी बघत होते. मला कळायला दोन क्षण लागले असतील.

"आई, हे काय?"

"काय?"

"काच आहे ती!"

"काच नाही. बांगडी आहे."

"डब्यात टाक! पत्र्याच्या डब्यात!"

आईचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. "सौभाग्याचं लेणं मी तुझ्या त्या ब्लेडांच्या डब्यात टाकू? सणाच्या दिवशी? गंजक्या खिळ्यांत?"

"मग आधी कुठं टाकायचीस?"

"टाकायचो नाही. तुळशीच्या मुळाशी पुरायचो. आता तूच सांगितलंस ना, देवाचं ते गायीला. मोठ्या अक्षरांत छापलंस. सगळ्यांना किती बरं वाटलं."

"सगळ्यांना? काल सगळ्यांनी..."

"मग? काल सगळ्यांनी बांगड्या भरल्या."

मी चप्पल न घालता पळाले.

गल्ली, शाळेची भिंत, बांधाचा चढ, बांधाचा उतार. धावताना डोक्यात एकच चाललं होतं: बादल्या सकाळीच गेल्यात. केळीच्या पानाची पुडी गाय सोडत म्हणून सोडत नाही, साली नंतर खाईल, पान आधी खाईल. आणि निवडू नको असं तिला मीच सांगितलं होतं.

गोठ्यात गाय डोणीत तोंड घालून खात होती. शांतपणे. अक्का कोंड्याचं पोतं झटकत होती. मी गायीचं तोंड दोन्ही हातांनी वर ढकललं. ती बळकट होती, हलली नाही. "सोडव! अक्का, सोडव तिला! आत काच आहे!"

अक्कानं दोर ओढून गाय मागे घेतली, खुंट्याला आखूड बांधली आणि डोणीत हात घातला. पहिल्याच मुठीत अर्धवट चावलेली पुडी निघाली. पानातून हिरव्या काचेचे तीन तुकडे.

"कुणी टाकलं हे?"

"सगळ्यांनी," मी म्हणाले.

"का?"

मी बसले आणि डोणीत हात घातला. खरं सांगते, कचऱ्यावर दोन पत्रकं काढलेल्या मुलीनं तोवर कचऱ्यात हात घातला नव्हता. झाकणं उचलून बघितली होती, वरून. भिजलेला कोंडा, पेंड, आंबूस पाणी, आणि त्यात बोटांनी शोधायचं. मी घाई करत होते. अक्का म्हणाली, "घाई नको. तळहात सपाट ठेव. काच टोचते आधी, दिसते नंतर." तिला काच सापडत होती, मला टोचत होती.

सगळं उपसून झालं तेव्हा तिनं गोणपाट स्वच्छ धुऊन अंथरलं आणि तुकडे जुळवायला लागली. सोनेरी ठिपक्यांच्या एका बाजूला, गडद हिरव्या दुसऱ्या, पोपटी तिसऱ्या. कडेला कड लावून ती गोल करत होती. गोल पुरा झाला की तेवढी बांगडी गायीच्या पोटात नाही. गोलात खिंडार राहिलं की आहे. एक एक गोल होत गेला. गाय खुंट्यापाशी उभी राहून आमच्याकडे बघत होती.

"पुडी अख्खी गिळली असेल तर तिचं इथं काहीच दिसणार नाही," अक्का म्हणाली. "जा. कुणी किती टाकल्या ते विचारून ये."

मी उठताना गोणपाटाच्या कडेला मला तो दिसला. निळा तुकडा. नखाएवढा. एकटाच.

मी तो बघितला आणि बघितला नाही असं केलं. उठले आणि गल्लीकडे निघाले.

पुढचा अर्धा तास मी जे केलं ते लिहायला मला अजून जड जातं. मी दारोदार जाऊन ओरडले. "किती बांगड्या फुटल्या तुमच्या? किती फोडल्या काल?" गौरीच्या दिवशी, सवाष्णीच्या दारात, हे शब्द. पहिल्या दारानं कानावर हात ठेवले. दुसऱ्या घरातून "या पोरीला कुणीतरी घरी न्या" असं ऐकू आलं. तिसऱ्या घरची बाई म्हणाली, "आमच्याकडे नाही हो कुणाची," आणि तिच्या हातात कोऱ्या हिरव्या बांगड्या वाजत होत्या. मी तिला खोटारडी म्हटलं. तोंडावर. मला माहीत होतं की गोणपाटाच्या कडेला एक निळा तुकडा आहे, आणि मी तिला खोटारडी म्हटलं.

काकूंनी दार लावून घेतलं. मी दारावर हात आपटला. "काकू, गाय मरेल!"

दार उघडलं. "कुठली गाय?"

"अक्काची. पुड्या गेल्या तिच्या पोटात."

काकूंनी पदर खोचला. नैवेद्य झाला नव्हता, घरात पाहुणे होते. त्या चपला न घालता बाहेर आल्या. "माझ्या पाच, सुनेच्या चार," त्या म्हणाल्या. "आणि तू आता गप्प राहा. तुझ्या तोंडानं कुणी सांगणार नाही." मग त्या स्वतः प्रत्येक दाराशी गेल्या. "किती वाढवल्यात गं? सांग. लक्ष्मीच्या पोटात गेल्यात, जीव जाईल तिचा." त्या खोटारडी म्हटलेल्या बाईनं मान खाली घालून सहा सांगितल्या. अकरा घरांनी पुड्या टाकल्याचं सांगितलं. काकू एकेक घर बोटांवर मोजत माझ्यापुढे चालत होत्या.

सोवळ्यातल्या काकू त्या गोठ्यात शेणावर मांडी घालून बसल्या. त्या सांगत, अक्का गोल मोजी. काकूंच्या नऊ, पुऱ्या. शेजारणीच्या चार, पुऱ्या. एका गोलात बोटाच्या पेराएवढं खिंडार होतं, तो तुकडा अक्काला डोणीच्या भेगेत सापडला. सहा, पुऱ्या. अकरा घरं झाली. गोणपाटावर अख्खे हिरवे गोल मांडलेले, एखाद्या दुकानासारखे. आणि कडेला तो.

"बारावं घर तुझं," काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तुझ्या आईला विचारलंच नाही आपण."

अक्कानं निळा तुकडा उचलून उन्हात धरला. "हे कुणाचं?"

काकूंना ठाऊक होतं. गल्लीत निळ्या बांगड्या एकाच मुलीच्या हातांत होत्या, आणि ते हात कोंड्यानं भरलेले मांडीवर पडले होते.

"माझं," मी म्हणाले. "दोन होत्या."

अक्कानं तो तुकडा गोणपाटावर ठेवला. त्याला गोल करायला काही नव्हतंच. ती उठून गायीपाशी गेली आणि तिच्या मानेखाली हात ठेवून उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणी शिव्या दिल्या तर मला उत्तर देता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय गल्लीत आली नाही. घराघरांत गणपती बसत होते आणि मागच्या दारांतून रिकामी भांडी घेऊन बायका बघत होत्या. मी गोठ्यात गेले तर गाय पाठ कमानीसारखी वर करून उभी. कोपरं शरीरापासून लांब धरलेली. वैरणीला तोंड लावलेलं नाही, रवंथ बंद. मी जनावरांच्या डॉक्टरांच्या घरी गेले. ते पूजेतून उठले, ओल्या धोतरानंच सायकलवर आले. गायीच्या छातीखाली मुठीनं दाबून पाहिलं. गाय कण्हली. माणसासारखी.

"काच आहे?" मी विचारलं.

"पोट उघडल्याशिवाय मला कसं दिसणार? काच असेल, जुना खिळाही असेल. तोट्टीवर वाढलेली जनावरं आहेत ही. पण टोचतंय काहीतरी, हे नक्की." त्यांनी हात धुतले. "पुढचे पाय उंचावर उभे करा. टोकदार जे काही असेल ते पुढे काळजाकडे सरकता कामा नये. बसू देऊ नका, चालवू नका. पातळ अंबील द्या. रवंथ सुरू झाला तर वाचली."

"आणि नाही झाला तर?"

त्यांनी अक्काकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. अक्काकडे दुसरं दुभतं जनावर नव्हतं. वासरू दीड महिन्याचं होतं. दुधाशिवाय तिच्या घरात येणारं काहीच नव्हतं, नवरा गाडीवान, महिना महिना बाहेर.

आम्ही बांधाची माती खणून आणली. मी पाट्या वाहिल्या, अक्कानं चोपून चोपून ओटा केला, वीतभर उंच, आणि गायीचे पुढचे पाय एकेक करून त्यावर चढवले. ती चढायला तयार नव्हती. प्रत्येक पावलाला कण्हत होती. चढली एकदाची. मग बसून तिच्या जबड्याकडे बघायचं. एवढंच काम. जबडा हलतो का. गळ्यावरून गोळा वर येतो का.

तीन दिवस मी गोठ्यात होते, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. घरी गेल्यावर आई पाणी पुढे करायची आणि विचारायची नाही. एकदाच म्हणाली, "मी तुझ्या बांगड्या टाकल्या. तू नाही."

"तुला कुठं टाकायच्या ते मी सांगितलं."

"मग बोलून टाक गल्लीत एकदाचं. लोक म्हणतायत, गवळणीनंच गायीला काहीबाही घातलं आणि आता नाव आपल्यावर."

हे ऐकलं आणि मी पुन्हा अठरा दारांना गेले. या खेपेला हातात कागद नव्हता. प्रत्येक दारात एकच सांगितलं: अक्काला निवडू नको असं मी सांगितलं, देवाचं ते गायीला हे मी छापलं, आणि जी काच सापडत नाही ती माझी आहे. तिसऱ्या घरच्या बाईची माफी मागितली. तिनं माफ केलं नाही. "सहा माझ्या होत्याच की," एवढंच म्हणाली, आणि दार हळू लावलं.

चौथ्या दिवशी दुपारी मी पेंगत होते. अक्कानं माझ्या गुडघ्यावर मारलं. गायीच्या गळ्यावरून काहीतरी वर सरकत गेलं. जबडा एकदा हलला, थांबला. पुन्हा हलला. मग डावीकडून उजवीकडे, सावकाश, झोपेत असल्यासारखा हलत राहिला. अक्का मोजत होती, ओठांनी, आवाज न करता. पन्नासपर्यंत गेली तेव्हा तिनं पदर तोंडाशी धरला.

काच बाहेर पडली की आत कुठंतरी बसून राहिली, ते आम्हाला कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, दोन्ही घडतं. दूध आटून निम्म्यावर आलं आणि त्या वेतात पुन्हा भरलं नाही. हे मी लिहून ठेवते, कारण 'गाय वाचली' एवढंच सांगून लोक मोकळे होतात.

पंधरा दिवसांनी अक्का गाय घेऊन गल्लीत आली. पहिलं घर आमचं. आई तांब्या घेऊन दारात उभी, नेहमीसारखी. धार आपल्या डोळ्यांसमोर काढून घ्यायची, म्हणजे दुधात पाणी पडत नाही, असा गल्लीचा कायदा होता. दर सकाळी बायका कंबरेवर हात ठेवून अक्काच्या बोटांकडे बघत उभ्या राहायच्या. अक्का खाली बसली नाही.

"बादली आण," ती म्हणाली.

"बादली? ती दुपारी नेतेस ना?"

"आता आण. इथं ओत. माझ्यासमोर." तिनं काखेतलं गोणपाट माझ्या अंगावर टाकलं. "तुम्ही माझी धार बघता. मी तुमची बादली बघणार. ओतायची बाईनं, निवडायची हिनं. मग दूध."

मी गोणपाट अंथरलं. आईनं बादली ओतली आणि मी तळहात सपाट ठेवून निवडायला बसले. दुधीची सालं, कोथिंबिरीचे देठ, एक केळीच्या पानाची पुडी. पुडी सोडली. शेवंती, दूर्वा. अक्कानं पायाच्या अंगठ्यानं साली पसरून पाहिल्या, "सरी" म्हणाली आणि तांब्या घेऊन बसली.

दुसऱ्या घरानं कुरकुरत ओतली. तिसऱ्या घरची बाई बादली घेऊन आली, गोणपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आमचा कचरा चव्हाट्यावर? गवळणीसमोर?" ती म्हणाली. "नको तुझं दूध." दार लागलं.

अक्कानं दोर ओढला. गाय पुढे गेली. मी गोणपाटाची चार टोकं उचलली आणि चौथ्या दाराशी जाऊन पुन्हा अंथरलं.